पहारा आईने करायचा, नफा कंपनीने घ्यायचा

मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारला एक सूचना केली. सोळा वर्षांखालील मुलांच्या समाजमाध्यम-वापरावर ऑस्ट्रेलियाने जसा कायद्याने निर्बंध घातला, तसा कायदा भारतात करता येईल काय याचा सरकारने विचार करावा; आणि तसा कायदा होईपर्यंत बालहक्क आयोगांनी जनजागृतीचे काम अधिक नेटाने करावे, असा त्या सूचनेचा आशय होता. हा प्रश्न निघाला की एक परिचित उपदेश ऐकू येतो. पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावे, शाळांनी शिस्त लावावी, की झाले. उपदेश करणाऱ्याला खर्च नाही, आणि ऐकणाऱ्याला उत्तर देण्याची सोय नाही.

या खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात तंजावर जिल्हा येतो, आणि त्या जिल्ह्यात कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे तालुक्याचे गाव आहे. पाच नद्यांचे गाव असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यागराजांची समाधी येथे असल्याने दरवर्षी आराधनेच्या दिवसांत देशभरातील गायक-वादक या गावी जमतात. पण आराधना आटोपली की उरलेले सारे वर्ष हा परिसर भाताच्या खाचरांचा आणि त्यांत राबणाऱ्या शेतमजुरांचा असतो. न्यायालयाची सूचना योग्य की अयोग्य याचा निवाडा करण्यापूर्वी, ती अशा परिसरातील एखाद्या शेतमजूर स्त्रीच्या झोपडीपर्यंत पोहोचली तर तिचा अर्थ काय होतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

मेट्टूर धरणाचे पाणी सुटले की त्रिभुज प्रदेशात लावणीचे दिवस सुरू होतात. बाई सकाळी चिखलात उतरते ती दिवस कलताना बाहेर येते. मूल शाळेतून परतते तेव्हा घरी कोणी नसते. घरात एखादा स्मार्टफोन असतो, आणि त्यात काय उघडते व काय उघडू नये, हे आईपेक्षा मुलालाच अधिक ठाऊक असते. फोनमधली ‘पालकांचे नियंत्रण’ नावाची सोय कोठे दडलेली आहे, ती कोणत्या भाषेत लिहिलेली आहे आणि तिचा परवलीचा शब्द कोणाच्या हाती असतो, हे त्या बाईला कोणी समजावून दिलेले नाही. तिला फक्त सांगितले जाते, ‘लक्ष ठेवा.’ उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बीडच्या बाईची, भिवंडीत यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या बापाची, मुंबईत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईची स्थिती याहून निराळी नाही. ज्याच्याजवळ वेळ शिल्लक ठेवलेला नाही त्याच्याकडून वेळेची अपेक्षा करायची, आणि ती पुरी झाली नाही की त्यालाच बेजबाबदार ठरवायचे, असा हा न्याय आहे.

फोन मुलाच्या हाती कोणी दिला, हा प्रश्नही विचारला पाहिजे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षणाचा हक्क एका रात्रीत फोनच्या मालकीवर अवलंबून राहिला. शेळी विकून, दागिना गहाण टाकून, सावकाराचे उंबरे झिजवून गरिबांनी फोन घेतले ते करमणुकीसाठी नव्हे, मुलाचे वर्ष बुडू नये म्हणून. शाळा पुन्हा उघडल्या, पण अनेक ठिकाणी गृहपाठ, सूचना, परीक्षेचे वेळापत्रक हे सारे व्हॉट्सॲपच्या गटावरच राहिले. ज्या शाळेने फोन घरात आणला तिलाच आता फोनच्या दुष्परिणामांवर पालकांची शाळा घेता येणार नाही. जबाबदारीचा पहिला वाटा तिचा आणि तिला चालवणाऱ्या शासनाचा आहे.

या प्रश्नाची व्याप्ती आकड्यांवरून कळते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी पाहणीपूर्वीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी नकोशा व्यक्तीचे खाते अडवणे किंवा त्याविरुद्ध तक्रार नोंदवणे सुमारे ६२ टक्क्यांना ठाऊक होते, तर आपले खाते खासगी ठेवणे सुमारे ५५ टक्क्यांना. म्हणजे खेड्यातील मुलांचा मोठा भाग अशा बाजारपेठेत उतरवला गेला आहे, जिचे दार आतून कसे लावायचे हे त्यांतील निम्म्याच्या जवळपास मुलांना कोणी शिकवलेलेच नाही.

हा बाजार कोणाचा आहे, हे सांगितल्यावाचून शिस्तीची चर्चा करणे म्हणजे दारूच्या गुत्त्याचे नाव न घेता दारूबंदीवर व्याख्यान देणे होय. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची मालकी मेटा या एकाच अमेरिकी कंपनीकडे आहे. २०२४ साली तिचे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरांहून अधिक होते आणि त्यातील जवळजवळ सर्व जाहिरातींतून आले. जाहिरात विकायची तर नजर खिळवून ठेवावी लागते. नजर खिळवायची तर एक चित्रफीत संपण्यापूर्वी दुसरी पुढे सरकवावी लागते. मुलाने फोन खाली ठेवला की कंपनीचे नुकसान होते. त्यामुळे मुलाचा संयम आणि कंपनीचा नफा यांत मूलभूत विरोध आहे. एका बाजूला तेरा वर्षांचे पोर आणि दुसऱ्या बाजूला जगातील निवडक अभियंत्यांची फौज, अशी ही कुस्ती आहे. त्यात पोर हरले तर दोष त्याच्या संस्कारांना दिला जातो.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने २०२१ साली फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. इन्स्टाग्राममुळे किशोरवयीन मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड बळावतो, हे कंपनीच्याच संशोधनात नोंदलेले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील चाळीसहून अधिक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी मुलांना व्यसन लावण्याच्या आरोपावरून मेटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. भारतात याच भांडवलासाठी मार्ग मोकळा करण्यात आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने फुकट इंटरनेट देऊन बाजार काबीज केला. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन दिवसांत, फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवून सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. विदेशी मक्तेदारी आणि देशी मक्तेदारी यांचे हे सख्य ज्या महिन्यात जुळले, त्याच काळात देशातील शाळकरी मूल फोनपुढे बसवले जात होते.

एकेका दुकानाला कुलूप लावल्याने काय साधते, याचा अनुभवही मदुराई खंडपीठाच्याच इतिहासात आहे. एप्रिल २०१९ मध्ये या खंडपीठाने मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित करून टिकटॉक उतरवून घेण्यास मनाई करण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात, कंपनीचे म्हणणे ऐकल्यावर, तो मागे घेतला. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. पण कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते, मुलांच्या हिताचे नव्हते. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ सुरू केले. चिनी कंपनीचे गिऱ्हाईक अमेरिकी कंपनीकडे गेले. मूल होते तेथेच राहिले.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याची एक बाजू मात्र भारतातील चर्चेत पुरेशी पुढे येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झालेला आणि १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आलेला हा कायदा मोडल्यास कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला किंवा पालकाला कोणतीही शिक्षा नाही. सोळा वर्षांची मर्यादा उचित की अनुचित, तिची अंमलबजावणी कितपत साधेल, वयाच्या पडताळणीच्या नावाखाली नागरिकांची आणखी माहिती गोळा केली जाईल काय, यावर मतभेद होऊ शकतात. जबाबदारी कोणाच्या खांद्यावर टाकायची हे तत्त्व मात्र त्या कायद्याने बरोबर ओळखले आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला मूल मानले आहे, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. तरतूद चांगली आहे. पण कायद्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुलांसंबंधीच्या बंधनांसाठी कंपन्यांना आणखी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. मुलाच्या खात्याला पालकांची संमती हवी, असेही हा कायदा म्हणतो. ज्या घरात फोनची किल्ली मुलाच्याच हाती आहे तेथे ही संमती कोण देणार, याचे उत्तर कायद्यात नाही.

कंपन्यांना वेसण घातली म्हणजे शाळेचे आणि पालकांचे काम संपले, असे मात्र समजता कामा नये. कायदा होईपर्यंत मुले वाढायची थांबत नाहीत. प्रश्न देखरेख असावी की नसावी हा नाही. ती कोणत्या प्रकारची असावी, हा आहे.

एक प्रकार दंडाचा. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावच्या ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदीचा ठराव केला; मोडणाऱ्याला दोनशे रुपये दंड ठरवला. गावाची चिंता खरी होती. पण दोनशे रुपये म्हणजे शेतमजूर स्त्रीच्या दिवसभराच्या कष्टाचा मोठा हिस्सा. असा दंड कंपनीला पोचत नाही, तो भरावा लागतो आईला. शिवाय बंदीचा पहिला आघात मुलींवर होतो. ‘असर’च्याच पाहणीत, स्मार्टफोन वापरू शकणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के तर मुली २७ टक्के होत्या. मुलगा रात्री फोन घेऊन बसला तर तो ‘नाद’. मुलगी बसली तर तिची शाळा बंद आणि लग्नाची बोलणी सुरू. संरक्षणाच्या नावाखाली मुलीची प्रत्येक ओळ वाचणारी सरंजामी पाळत ही देखरेख नव्हे. अशा घरात मुलीला कोणी धमकावले, तिच्या छायाचित्राचा गैरवापर केला, तर ती सर्वांत शेवटी घरच्यांना सांगते. आणि धमकावणाऱ्याचे बळ नेमके तेथेच असते.

दुसरा धोका जातीचा. तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतील विद्यार्थ्यांनी घरात घुसून कोयत्याने हल्ला केला. त्यानंतर तमिळनाडू सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली. जून २०२४ च्या अहवालात समितीने शाळेत जातिदर्शक रंगीत मनगटपट्ट्यांना तसेच मोबाईलला मनाई करण्याची शिफारस केली. पण तेवढ्यावर न थांबता, पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या प्रत्येक माध्यमिक शाळेत कल्याण अधिकारी नेमावा, असेही सुचवले. बंदी एका परिपत्रकाने होते, त्यासाठी पैसा लागत नाही. मुलाशी बोलणारा माणूस नेमायचा तर पगार द्यावा लागतो. शिफारशींतील फुकटचा भाग उचलायचा आणि खर्चाचा भाग फायलीत ठेवायचा, हा कोणत्याही सरकारला होणारा मोह आहे, आणि त्याविरुद्ध शिक्षक व विद्यार्थी संघटनांनी दक्ष राहिले पाहिजे.

देखरेखीचा तिसरा प्रकार सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात दिसला. मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे, ऊसशेतीचे गाव. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील ग्रामपंचायतीने गावातील स्त्रियांची सभा घेऊन त्यांच्या संमतीने ठरवले की रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत सर्व घरांतील दूरचित्रवाणी व फोन बंद राहतील. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. या प्रयोगात भोंग्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की नियम सर्वांना होता. आई मालिका पाहत असताना, बाप फोन चाळत असताना मुलाला पुस्तक उघडायला सांगितले की ते ऐकत नाही. आणि एका घराने फोन बंद करून शेजारच्या घरात तो चालू राहिला तरी ते ऐकत नाही. एकट्या पालकाला जे अशक्य होते ते गाव मिळून करू शकते, हा तेथील अनुभवाचा आशय आहे. त्याची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. घरोघर फिरून समजूत घालण्याचे काम ज्यांच्यावर आले त्यांत आशा आणि अंगणवाडी सेविका होत्या. ज्यांना शासन कर्मचारी मानायला तयार नाही, मानधनावर राबवते, त्यांच्याच शिरावर आणखी एक ओझे पडले.

तमिळनाडूतही संध्याकाळच्या याच वेळेचे महत्त्व ओळखले गेले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथे ‘इल्लम तेडि कल्वि’, म्हणजे दारी येणारे शिक्षण, ही योजना सुरू झाली. स्वयंसेवक वस्तीतच संध्याकाळी मुलांना एकत्र बसवून शिकवू लागले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. टाळेबंदीत बुडालेला अभ्यास भरून काढणे हा तिचा उद्देश. पण शाळा सुटल्यापासून आई घरी येईपर्यंतची जी पोकळी फोन भरून काढतो, ती माणसाने भरून काढण्याचा मार्गही तिने दाखवला. मानधन मात्र महिना एक हजार रुपये. मुलांच्या भवितव्याची किंमत सरकारच्या हिशेबात एवढीच होती! केरळमध्ये २०२२ साली शासनाच्या ‘काईट’ संस्थेने माध्यमिक शाळांमधून सुमारे तीन लाख मातांना सायबर सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. शिकवणारे होते ‘लिटल काईट्स’ गटांतील विद्यार्थीच. मुलाला जे ठाऊक आहे ते आईला त्यानेच शिकवायचे, आणि हे शिकवणे शाळेत, शिक्षकासमक्ष व्हायचे. पाळतीची जागा येथे संवादाने घेतली.

या अनुभवांवरून शाळा आणि पालक यांची कामे स्पष्ट होतात. शाळेने गृहपाठ फळ्यावर आणि वहीत द्यावा. ज्या अभ्यासासाठी फोन अपरिहार्य नाही तो फोनवर पाठवू नये. खाते खासगी कसे ठेवायचे, खोटी बातमी कशी ओळखायची, धमकी आली तर पुरावा कसा जपायचा आणि कोणाकडे जायचे, हे वर्गात शिकवावे. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला प्रथम दोषी धरणार नाही, असा विश्वास देणारी एक शिक्षिका प्रत्येक शाळेत असावी. पालकांनी फोनची घरातील जागा आणि वेळ ठरवावी, ती स्वतः पाळावी, मुलगा व मुलगी यांना एकच नियम लावावा आणि मुलाने चूक कबूल केली तर त्याच्यावर हात उचलू नये. याला संगणकाचे ज्ञान लागत नाही. वेळ आणि धीर लागतो. आणि कामाचे तास व मजुरी यांचा प्रश्न सुटल्यावाचून श्रमिकाला वेळ मिळत नाही, हेही तितकेच खरे.

शाळा आणि पालक यांनी एकत्र बसण्याची जागा कायद्याने निर्माण केलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. अनेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. वर्गनिहाय पालकसभा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, मजुरी न बुडता घेणे, गावाची वा वस्तीची फोन बंद ठेवण्याची वेळ सर्वानुमते ठरवणे, हे सारे या समितीच्या कक्षेत बसते.

आणि फोन बंद केल्यावर मुलाच्या हाती काय द्यायचे, याचे उत्तरही तयार असले पाहिजे. या बाबतीत तंजावरचा इतिहास बोलका आहे. १८०६ साली, सरफोजी राजांच्या काळात, तंजावरच्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी रूपांतर छापले गेले. छपाईचे नवे तंत्र हाती येताच तेथे मुलांसाठी पुस्तक निघाले. अर्थात सरंजामी राज्यात ते कुळांच्या मुलांपर्यंत पोचण्याची सोय नव्हती. ती उणीव सव्वाशे वर्षांनी त्याच जिल्ह्यात ओळखली गेली. १९३१ साली मन्नारगुडीहून पुस्तकांनी भरलेली बैलगाडी खेडोपाडी फिरू लागली. ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन हे तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील शियाळीचे. त्यांच्या प्रयत्नांतून १९४८ साली मद्रास प्रांताने ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्रात तो १९६७ साली झाला. बैलगाडीने जे गाव गाठले ते गाव आज मोटाररस्त्यावर आहे. पण तेथल्या शाळेत उघडे कपाट, खेळाचे मैदान आणि क्रीडाशिक्षक आहे काय, हा प्रश्न विचारावा लागतो. मूल रिकाम्या हाताने बसणार नाही. समाजाने त्याला पुस्तक आणि चेंडू दिला नाही तर कंपनी रील देईलच.

तेव्हा लढ्याची दिशा दुहेरी आहे. शासनाकडे मागणी केली पाहिजे की मुलांविषयीच्या बंधनांसाठी कंपन्यांना दिलेली मुदत आवळावी, मुलांना खिळवून ठेवणाऱ्या रचनेबद्दल जबाबदारी व दंड कंपन्यांवरच ठेवावा, शाळांत समुपदेशक, ग्रंथपाल व क्रीडाशिक्षकांची पदे भरावीत, आणि संध्याकाळच्या अभ्यासिका चालवणाऱ्या स्त्रियांना किमान वेतन द्यावे. त्याच वेळी पक्षसभासदांनी आपापल्या गावी, चाळीत, वस्तीत व्यवस्थापन समितीच्या सभांना उपस्थित राहिले पाहिजे; महिला, युवक, विद्यार्थी व शिक्षक संघटनांनी मिळून एक तरी संध्याकाळची अभ्यासिका उभी केली पाहिजे. आणि याचा प्रारंभ सभासदाने स्वतःच्या घरातून करावा. जेवताना स्वतःचा फोन बाजूला न ठेवणाऱ्या कार्यकर्त्याचे व्याख्यान त्याचे मूलही ऐकणार नाही, वस्तीही ऐकणार नाही.

चिखलातून बाहेर पडून दमून घरी आलेल्या तिरुवैयारुच्या आईला आणखी एका पहाऱ्याची ड्यूटी नको आहे. तिला शेजारणींची, शाळेची आणि कायद्याची सोबत हवी आहे. ती सोबत उभी करणे हे जनसंघटनांचे काम आहे.